छोट्या रीफ टँकचं पाणी: आधी रोजचा खप ओळखा, मग डोस ठरवा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. फ्लॅटमधल्या मजबूत स्टँडवर बसणारी ही रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, काठोकाठ भरली तर सत्तर लिटर पाणी घेते. खडक, वाळू आणि वर सोडलेली कड वजा केली की खरं पाणी उरतं साधारण ६० लिटर. पुढचे सगळे हिशेब या ६० लिटरचे आहेत. तुमची टाकी लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला, पण ते काचेच्या मापावरून नको. आत प्रत्यक्ष किती पाणी गेलं ते धरा. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून लिहून ठेवल्या की हा आकडा कायमचा हाताशी राहतो.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो बांधायला लागणारं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट प्रवाळ पाण्यातूनच उचलतं. समुद्रात हा साठा सरत नाही. ६० लिटरमध्ये तो सरतो, आणि काचेवर चढणारं गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळही त्यात वाटेकरी असतं. नवीन माणूस विचारतो, कॅल्शियम किती असावं? अल्कॅलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट, किती असावी? हे आकडे कुणीही सांगेल, मीही खाली दिले आहेत. तुमच्या टाकीत रोज किती कमी होतं हे मात्र तुम्हालाच मोजावं लागतं, आणि माझ्या मते टाकी टिकते ती त्या मोजणीवर.

रसायनाकडे वळण्याआधी कायद्याची एक गोष्ट. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्री पंखे भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं वन विभागाची परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली, ती याच संरक्षणामुळे. मालवण असो वा लक्षद्वीप, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका. खडक सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला घ्या. प्रवाळ घेताना ते कुठून आलं आणि त्याचे कागद आहेत का, हे दुकानदाराला विचारा; नीट उत्तर मिळालं नाही तर तिथून घेऊ नका. सुरुवातीला झोअँथिड, मशरूम, लेदर ही मऊ प्रवाळं बरी. त्यांचा खप कमी असतो, त्यामुळे शिकायला वेळ मिळतो.

पाणी: शून्य टीडीएसपासून सुरुवात

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि पाइपांतून येणारे धातू. बोअरचं किंवा टँकरचं पाणी तर आणखी जड. म्हणून आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, म्हणजे टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसेल असं पाणी लागतं. रेझिन रंग बदलणारं घ्या, संपत आलं की लगेच कळतं. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊ लागलं की आरओचा पहिला फिल्टर लवकर तुंबतो, तोही बघत राहा.

स्वयंपाकघरातलं प्युरिफायरचं पाणी चालेल का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. नाही चालत. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात टीडीएस मुद्दाम ठेवलेला असतो, आणि हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत पाण्यात तांबं सोडणारी कार्ट्रिज असते. माणसाला चांगलं म्हणून विकलं जाणारं हे तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांसाठी विष आहे, तेही अगदी थोड्या प्रमाणात. याच कारणाने तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणी नको, आणि एसीच्या नळीतून गळणारं पाणीही नको, कारण ते बऱ्याचदा तांब्याच्या कॉइलवरून ओघळून आलेलं असतं. साठवायला खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा ड्रम वापरा.

आणि समुद्राचं पाणी? जुहूला किंवा वर्सोव्याला बादली भरून आणायचा मोह होतो. किनाऱ्यालगत सांडपाणी आणि खाडीचा गाळ मिसळलेला असतो, आणि पावसाळ्यात खारेपणा कमालीचा उतरतो. आपल्या शहरांजवळचं पाणी टाकीत आणू नका.

मीठ कालवणं

जेवणातलं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. त्याने समुद्र होत नाही. रीफसाठीचं सिंथेटिक मीठ घ्या. ब्रँडनुसार लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. क्रम चुकवू नका: आधी ड्रममध्ये पाणी, मग पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर तळाशी इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच पांढरं होऊन बसतं आणि विकत घेतलेलं कॅल्शियम वाया जातं.

काही मिठांची अल्कॅलिनिटी मुद्दाम ११-१२ डीकेएच (अल्कॅलिनिटी मोजायचं एकक) ठेवलेली असते. ती भरभर वाढणाऱ्या कठीण प्रवाळांच्या टाक्यांसाठी. नवख्याने ८ ते ९ डीकेएच देणारं मीठ निवडावं आणि पुढे ब्रँड बदलू नये.

सॅलिनिटी आधी, बाकी सगळं नंतर

समुद्राची सॅलिनिटी ३५, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. २५ अंशांना याचं विशिष्ट गुरुत्व १.०२६४ येतं. हा आकडा चुकला की पुढचे सगळे चुकतात. समजा ३५ सॅलिनिटीला तुमच्या मिठात कॅल्शियम ४१० पीपीएम (दहा लाख भागांत ४१० भाग) आहे. टाकी ३२ वर असेल तर तेच ३७५ दिसेल. तुम्हाला वाटेल कॅल्शियम घालायला हवं, पण खरी कमतरता मिठाची.

काट्याचे स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकतात. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वाकतो (अपवर्तनांक) त्यावरून खारेपणा दाखवणारा मीटर, घ्या, पण तो फक्त शुद्ध पाण्याने शून्यावर लावून थांबू नका. यातले बरेच साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात आणि शून्यावर बरोबर दाखवूनही ३५ ला चुकतात. ३५ चं कॅलिब्रेशन द्रावण बाजारात मिळतं. नाही मिळालं तर घरी करा: ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. याचा अपवर्तनांक ३५ सॅलिनिटीच्या समुद्राइतकाच असतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर ते ३५ दिसायला हवं. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी, हायड्रोमीटरला त्याचा उपयोग नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

आता बाष्पीभवन. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पंखा लावलेल्या ६० लिटरच्या टाकीतून दिवसाला दीड लिटर सहज जातं, आणि एका दिवसात सॅलिनिटी ३५ ची जवळजवळ ३६ होते. दोन दिवस विसरलात तर छोट्या टाकीला धक्का बसतो. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी साधं आरओ पाणी घाला, खारं कधीच नाही. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज तिथवर भरा. पहिली बचत झाली की त्यातून ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, घ्या. भारी दिव्यांपेक्षा हा खर्च आधी करावा असं मी नेहमी सांगते.

सायकल: घाई न करण्याचे दिवस

नव्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारी वसाहत खडकात बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तर कमी. थोडा अमोनिया घालून चोवीस तासांत तो शून्यावर आला की टाकी तयार. या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पाण्यातलं नायट्राइट ती टेस्ट फुगवून दाखवतं.

आकडे

अल्कॅलिनिटी ८ ते ९ डीकेएच. कॅल्शियम ४०० ते ४५०. मॅग्नेशियम १२५० ते १३५०. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, सगळे पीपीएममध्ये. तापमान २५ ते २७ अंश. खऱ्या समुद्रात अल्कॅलिनिटी ७ च्या आसपास, कॅल्शियम ४१० ते ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या जवळ असतं, म्हणजे आपण निसर्गापासून फार लांब जात नाही.

यातली अल्कॅलिनिटी सगळ्यांत आधी हलते. ती १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरलेलं असतं. अल्कॅलिनिटी ८ ची ७ झालेली टेस्टमध्ये स्पष्ट दिसते. कॅल्शियम ४२० चं ४१३ झालेलं घरगुती किटला कळतही नाही. म्हणून कॅल्शियम पंधरा दिवसांनी आणि मॅग्नेशियम महिन्याने मोजलं तरी चालतं, अल्कॅलिनिटी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा हवीच.

मॅग्नेशियमचं काम वेगळं आहे. ते कॅल्शियम आणि कार्बोनेटला आपसांत जुळून पांढरी पूड होण्यापासून अडवतं. कितीही डोस दिला तरी कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी वर येतच नसतील तर मॅग्नेशियम तपासा. ते ११०० च्या आसपास घसरलं असेल तर आधी ते सावरा.

खप कसा मोजायचा

रोज एकच वेळ ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळी दिवे लागण्याआधी. किटमधल्या सिरिंजच्या टोकाशी बुडबुडा नको, आणि नमुन्याची नळी आधी टाकीच्याच पाण्याने खंगाळा. रंग बदलला तो थेंब धरा, पुढचा नाही. आकडा वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहिलात तरी चालेल, पण लिहा.

तीन दिवस डोस न देता मोजा. सोमवारी ८.६ आणि गुरुवारी ७.७ आलं, तर तीन दिवसांत ०.९, म्हणजे दिवसाला ०.३ डीकेएच. हा तुमच्या टाकीचा आजचा खप. प्रवाळं वाढली की तोही वाढतो, म्हणून दर महिन्याला पुन्हा बघा.

आकडा विचित्र आला तर तासाभराने दुसऱ्यांदा टेस्ट करा आणि मगच काही घाला. एका चुकीच्या टेस्टवरून दिलेला मोठा डोस टाकीला जितका त्रास देतो तितका आठवडाभराचा थोडा कमीपणा देत नाही.

फक्त मऊ प्रवाळं असतील आणि आठवड्याला ०.२-०.३ डीकेएचच उतरत असेल तर काहीच घालू नका, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. पण खप त्याहून वाढला की पाणी बदलणं पुरत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. टाकी ७.५ वर आणि नवं पाणी ९ चं, तर दहा टक्के बदलून मिळतात फक्त ०.१५ डीकेएच. दिवसाला ०.३ उतरणाऱ्या टाकीला हे जेमतेम अर्धा दिवस पुरतं.

डोस: दोन बाटल्या

पहिल्या बाटलीत ६० ग्रॅम खाण्याचा सोडा, आरओ पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. दुसऱ्या बाटलीत ५२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तेही एकूण एक लिटर. पाणी नसलेलं, म्हणजे अनहायड्रस कॅल्शियम क्लोराइड मिळालं तर ४० ग्रॅम पुरे; ते विरघळताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून पाण्यात हळूहळू सोडा. दोन्ही रसायनं फूड ग्रेड किंवा लॅब ग्रेड घ्या. ओलावा शोषायला विकली जाणारी पाकिटं नकोत.

या मापाचा फायदा असा की दोन्ही बाटल्यांतून सारखंच द्यायचं. ६० लिटरमध्ये पहिल्या बाटलीचे ३० मिलि म्हणजे १ डीकेएच, आणि दुसरीचे ३० मिलि म्हणजे त्याला जोडीचं ७ पीपीएम कॅल्शियम. वरच्या उदाहरणात रोजचा खप ०.३, म्हणून रोज दोन्हींचे ९-९ मिलि. एक सकाळी, एक संध्याकाळी. निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा आणि पंपाच्या जोरदार प्रवाहात थेंब थेंब सोडा. एकाच जागी एकाच वेळी ओतलात तर दोन्ही मिळून पांढरा धूर होतो, म्हणजे दोन्ही वाया.

अल्कॅलिनिटी खाली गेलेली असेल तर दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त चढवू नका, आणि एकच्या वर तर कधीच नाही. ७ वर सुखाने वाढणारं प्रवाळ एका रात्रीत ७ वरून १० वर नेलं तर टोकांकडून मांस सोडू लागतं. उलट चुकून वर गेली तर आम्ल वगैरे घालू नका. डोस थांबवा आणि प्रवाळांना खाऊ द्या, ती आपोआप उतरते.

टाकीत कठीण प्रवाळं वाढली आणि रोज दीड लिटर पाणी उडत असेल, तर चुन्याची निवळी हा मला सगळ्यांत आवडणारा मार्ग. एक लिटर आरओ पाण्यात दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून हलवा, स्थिर होऊ द्या आणि वरचं निवळलेलं पाणी टॉप-ऑफ म्हणून रात्री थेंब थेंब सोडा. एका लिटरमधून ६० लिटरला सुमारे १.९ डीकेएच आणि १३-१४ पीपीएम कॅल्शियम एकदमच, योग्य प्रमाणात मिळतं. तुमचा खप ०.३ असेल तर रोज १६० मिलि निवळी आणि उरलेलं साधं पाणी. तिचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा आणि एकदम कधीच ओतू नका. पानाला लावायचा चुना यात वापरू नका, त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही.

नायट्रेट, फॉस्फेट आणि शून्याचा धोका

खाद्यातून हे दोन्ही येतात. गोठवलेली मायसिस किंवा आर्टेमिया आधी गाळणीत आरओ पाण्याने धुऊन घाला. फॉस्फेट वाढलं की शेवाळ माजतं आणि प्रवाळाची हाडबांधणीही मंदावते. पण दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट त्याहून वाईट. पोषण संपलं की प्रवाळं फिकी पडतात आणि तपकिरी, बुडबुडे धरणारे चिकट डायनोफ्लॅजेलेट वाळूवर पसरतात, ते हटवणं फार अवघड. फॉस्फेट ओढणारं जीएफओ वापरायचंच झालं तर एक चमचा वापरा आणि तीन दिवसांनी मोजा. काही डिजिटल चेकर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतात. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये येतं.

पीएच आणि उकाडा

पीएच पहाटे सगळ्यांत कमी आणि संध्याकाळी सगळ्यांत जास्त असतो. ७.८ ते ८.४ मध्ये फिरत असेल तर त्याला हात लावू नका. एसीसाठी खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच पडतो. बफर पावडर घातली तर अल्कॅलिनिटी उगाच चढते. खिडकी उघडा, पृष्ठभागावर पाण्याची हालचाल वाढवा.

मे महिन्यात पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा परिणाम बराच कमी, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी लागतोच. पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं, म्हणजे टॉप-ऑफही वाढवा.

गणपतीला गावी जाताना

पाच दिवस घर बंद राहणार असेल तर निघण्याच्या आठवड्यात अल्कॅलिनिटी हळूहळू ९ वर आणून ठेवा. ०.३ च्या खपाने पाच दिवसांत ती ७.५ होईल, आणि हे प्रवाळं सहन करतात. शेजाऱ्यांना डोस द्यायला सांगू नका. टॉप-ऑफसाठी मात्र कुणीतरी हवं: ५ लिटरचा कॅन लावा आणि त्यांना तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भरायला सांगा. त्याहून मोठा कॅन नको, कारण सेन्सर अडकून सगळं पाणी एकदम टाकीत गेलं तर ५ लिटरने सॅलिनिटी ३२ च्या थोडी वरच थांबते, १० लिटरने ३० वर जाते. माशांचं खाद्य रोजच्या पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा. परत आल्यावर आधी सॅलिनिटी, मग अल्कॅलिनिटी मोजा आणि रोजच्या ९ मिलिवर आणखी १५ मिलि देत तीन दिवसांत ९ वर आणा. कॅल्शियमची बाटलीही तितकीच.